विक्रमाला चेहरा देणारा हात

वेताळाच्या गोष्टींमधला राजा मुळात गोदाकाठचा आहे. अकराव्या शतकात काश्मीरमध्ये सोमदेवाने ‘कथासरित्सागर’ रचला. त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टी येतात. तिथे राजाचं नाव त्रिविक्रमसेन आणि राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान, म्हणजे आपलं पैठण. पुढे लोकांच्या तोंडी तो उज्जैनचा विक्रमादित्य झाला. हा राजा दिसायला कसा होता, हे मात्र गोष्टीवरून फारसं कळत नाही. तरीही मराठी घरांतल्या दोन-तीन पिढ्यांना तो नेमका कसा दिसतो हे पाठ आहे. हातात उपसलेली तलवार, खांद्यावर टाकलेलं प्रेत, पुढे पडलेलं पाऊल आणि भोवती किर्र रान. हे रूप पैठणला ठरलं नाही आणि उज्जैनलाही नाही. ते मद्रासमध्ये, वडपळणीच्या एका छापखान्याच्या आवारात, करत्तोळुवु चंद्रशेखरन शिवशंकरन या तामिळ चित्रकाराच्या हातून उतरलं. वाचक त्यांना ‘शंकर’ म्हणून ओळखत. दिल्लीला ‘चिल्ड्रन्स बुक ट्रस्ट’ काढणारे व्यंगचित्रकार शंकर पिल्लै वेगळे. दोघांचीही आयुष्यं मुलांच्या पुस्तकांशी बांधलेली असल्याने गल्लत सहज होते.

त्याच पैठणहून निघालेली गोदावरी गंगाखेड, नांदेड करत बासरजवळ तेलंगणात शिरते आणि पुढे मंचेरियलच्या कडेने वाहते. मंचेरियल २०१६ साली स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर तो आदिलाबादचा भाग होता. काझीपेठ-बल्लारशा लोहमार्गावरचं हे गाव. आसपास सिंगरेणीच्या कोळसा खाणी, गावात सिमेंटचा कारखाना, वरच्या अंगाला चंद्रपूर. इथली सीमा माणसांनी अलीकडेच आखलेली आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत राजुरा तालुकासुद्धा आदिलाबाद जिल्ह्यातच होता. अशा मुलखात शाळा तेलुगू आणि घर मराठी, किंवा आई एका भाषेची आणि बाप दुसऱ्या, हे काही नवल नाही. डोंगरातल्या पाड्यांवर गोंडी आणि कोलामी बोलतात, ती आणखी वेगळी.

या पट्ट्याच्या दृष्टीने पाहिलं की शंकर यांच्या कामाचं मोल नीट कळतं. ते ज्या मासिकात चित्रं काढत त्याच्या दोन आवृत्त्या, तेलुगू ‘चंदमामा’ आणि मराठी ‘चांदोबा’, शेजारी शेजारी ठेवा. अक्षरं वेगळी, चित्र एकच. तेलुगू शिकणारा मुलगा आणि मराठी वाचणारी त्याची आतेबहीण एकाच विक्रमाकडे बघतात, एकाच वेताळाला भितात. ज्याला अजून कुठलीच लिपी येत नाही, असं तिसरं पोरही त्यांच्यासोबत बसून तेच वाचत असतं.

‘चंदमामा’चा पहिला अंक जुलै १९४७ मध्ये निघाला, तेलुगूत आणि तामिळमध्ये. काढणारे बी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी हे चित्रपटसृष्टीतलेही मोठे निर्माते होते. १९५२ साली मराठी आवृत्ती आली. कोडवटिगंटी कुटुंबराव हे तेलुगूतले मोठे लेखक त्याच साली संपादनात आले आणि १९८० मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिले. वेताळाच्या मूळ गोष्टी पंचवीसच. त्या संपल्यावरही चौकट तीच ठेवून महिन्यामागून महिने नव्या गोष्टी रचल्या गेल्या. लिहिणारे बदलत राहिले. राजा आणि वेताळ मात्र बदलले नाहीत, कारण ते शंकर यांच्या रेषेत पक्के बसले होते.

शंकर यांचा जन्म १९२४ सालचा, तामिळनाडूतल्या करत्तोळुवु या खेडेगावातला. ते दहा वर्षांचे असताना कुटुंब मद्रासला आलं. तिथल्या मुथियालपेट हायस्कूलमधल्या चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांचा हात ओळखला आणि बी.ए.च्या वाटेला न जाता कलाशाळेत जायला सांगितलं. मोठ्या कुटुंबातल्या मुलाला त्या काळात असा सल्ला द्यायला शिक्षकाला छाती लागली असेल. मद्रासच्या सरकारी कलाशाळेचे प्राचार्य तेव्हा देवीप्रसाद रॉय चौधरी होते. मरीना किनाऱ्यावर अवजड शिळा हलवणाऱ्या कामगारांचं प्रसिद्ध शिल्प त्यांचंच. शरीराचा भार कुठे पडतो, पाठ कशी वाकते, पाय कसा रोवला जातो, हे ज्याच्या देखरेखीखाली शिकायचं तो माणूस मूर्तिकार होता. विक्रमाच्या चित्राकडे हे ध्यानात ठेवून पाहावं. खांद्यावर खरंच एका माणसाचं वजन आहे आणि ते पेलणारा माणूस खरंच चालतो आहे, हे पटतं. म्हणून भीतीही खरी वाटते.

१९४६ मध्ये शिक्षण संपवून ते ‘कलैमगळ’ या तामिळ मासिकात महिना ८५ रुपयांवर लागले. पाच-सहा वर्षांनी ‘चंदमामा’त आले. तिथे पगार बराच बरा होता आणि काम अफाट होतं. आयुष्याची पुढची सहा दशकं त्यांनी त्या मासिकाला दिली. २०१३ च्या सुमारास अंक निघणं थांबलं, तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. त्यानंतरही रामकृष्ण मठाच्या तामिळ मासिकासाठी त्यांचा हात चालूच होता. २९ सप्टेंबर २०२० रोजी ते गेले. पुढच्या वर्षी, २०२१ च्या यादीत, त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. हा सन्मान त्यांच्या हाती पडायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. मुलांसाठी चित्र काढणाऱ्याची दखल आपल्याकडे फार उशिरा घेतली जाते.

‘चंदमामा’च्या चित्रकारांत शंकर एकटे नव्हते. पहिले मुख्य चित्रकार ‘चित्रा’, म्हणजे टी. वीरराघवन. कुठल्याही कलाशाळेत न गेलेला हा माणूस १९७८ साली वारला तोवर हजारो चित्रं काढून मोकळा झाला होता. म्हैसूरकडचे एम. टी. व्ही. आचार्य महाभारताच्या चित्रांसाठी ओळखले गेले. श्रीकाकुळमचे वड्डादि पापय्या यांनी जलरंगातली मुखपृष्ठं रंगवली. अंक हातात पडल्या पडल्या पोरांचा गलका व्हायचा तो त्यांच्या रंगांमुळे. आतल्या पानांवर मात्र मुख्य भिस्त रेषेवर.

या रेषेचं काम कसं चालतं, ते थोडं सांगायला हवं. चित्रकाराच्या हाती गोष्ट येते ती शब्दांत. ‘राजा रानातून निघाला’ एवढंच लेखक लिहून मोकळा होतो. चित्रकाराला मात्र ठरवावं लागतं की राजाच्या पायांत काय आहे, रानात झाडं कोणती, उजेड कुठून येतो, राजा थकला आहे का. शब्दांना एखादी गोष्ट न सांगता पुढे जाता येतं. चित्राला ती सोय नाही. पाय काढायचे तर अनवाणी काढायचे किंवा वहाणा घालूनच काढायचे. त्यामुळे गोष्टीतला मोठा हिस्सा प्रत्यक्षात चित्रकार रचतो, आणि मुलांच्या डोक्यात पुढे पन्नास वर्षं राहतो तो बहुधा हाच हिस्सा.

दुसरा निर्णय क्षणाचा. एका पानावर एक चित्र असेल, तर गोष्टीतला कुठला क्षण घ्यायचा? नवशिक्या चित्रकार तलवार मानेवर पडल्याचा क्षण घेतो. जाणता चित्रकार त्याच्या किंचित आधी थांबतो. पुढे काय होणार हे मुलाला मजकुरात शोधावं लागतं आणि ते पान उलटतं. विक्रमाच्या चित्रात हेच आहे. वेताळाची अट आपल्याला माहीत आहे. उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर डोकं फुटेल. बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. संवाद चित्रात येत नाही. शंकर यांनी प्रश्न पडण्याआधीची चाल काढली, राजा अजून गप्प आहे ती वेळ. त्यामुळे तेच चित्र गोष्ट कुठलीही असली तरी चालत राहिलं.

तिसरी अडचण ओळखीची. सहा चित्रांमध्ये तोच प्रधान सहा वेळा येतो, कधी समोरून, कधी पाठमोरा, कधी गर्दीत लहानसा. वाचता न येणाऱ्या मुलाला तो दर वेळी क्षणात ओळखता आला पाहिजे. म्हणून पागोट्याची घडण, पोटाचा घेर, दाढीचा आकार हे पहिल्या चित्रातच नक्की करून टाकावं लागतं आणि मग त्यापासून हलता येत नाही. मासिकात हे दर महिन्याच्या तारखेला बांधलेलं, शेकडो पात्रांच्या बाबतीत, वर्षानुवर्षं. प्रतिभा लागतेच, पण मला त्याहून जास्त आदर वाटतो तो या माणसांच्या बैठकीचा.

आता एक गोष्ट मराठी वाचकांनी फारशी मनावर घेतलेली नाही. शंकर यांच्या नजरेत वसलेला देश दक्षिणेतला होता. त्यांच्या राजवाड्यांचे खांब, मंदिरांची शिखरं, राण्यांचे केस बांधण्याचे प्रकार, दागिने हे सगळं तामिळ मुलखातल्या देवळांशी नातं सांगणारं. अकोल्याच्या किंवा साताऱ्याच्या मुलाने असं गोपूर प्रत्यक्ष कधी पाहिलेलं नसे, तरी त्याच्या मनातली ‘फार फार वर्षांपूर्वी’ची नगरी तशीच उभी राहिली. उज्जैनच्या राजाला द्राविडी महाल मिळाला आणि कोणी तक्रार केली नाही. मला यात नुकसान दिसत नाही. अनोळखी वास्तू, अनोळखी वेष मुलाला दूर नेतात आणि दूर जाणं हा गोष्टीचा अर्धा आनंद आहे. मंचेरियलच्या मुलाला तर ते सगळं अर्धं ओळखीचं, अर्धं परकं असं दोन्ही वाटत असणार.

चित्र एक आणि भाषा अनेक, ही कल्पना मात्र मद्रासहून पुष्कळ जुनी आहे. १६५८ साली न्यूरेंबर्गला कोमेनियस या शिक्षकाचं ‘ऑर्बिस पिक्टस’ छापलं गेलं. मुलांसाठीचं पहिलं सचित्र पाठ्यपुस्तक म्हणून त्याचा मान आहे. वर लाकडी ठशाचं चित्र, खाली तीच माहिती लॅटिनमध्ये आणि जर्मनमध्ये. आपल्याकडे तर छपाईच्याही आधीपासून चित्र पुढे धरून गोष्ट सांगणारे लोक होते. तेलंगणात चेरियाल गावचे नकाशी चित्रकार कापडाचे लांब पट रंगवत आणि कथेकरी ते उलगडत गावोगाव जात. सिंधुदुर्गात पिंगुळीचे ठाकर चित्रकथी एकेक चित्र समोर धरून रामायण-महाभारत गात आले. पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तीही २०२१ च्याच यादीत. एकाच वर्षी एक चित्रकथी आणि एक मासिकाचा चित्रकार. यादी करणाऱ्यांच्या हे लक्षात आलं असो वा नसो, दोघांचं काम एकच होतं.

‘चंदमामा’च्या पानांत राजे होते, साधू होते, राक्षस, व्यापारी, चोर होते. वाचणारं मूल स्वतः मात्र त्यांत क्वचितच असे. दुखरा दात, शाळेचा पहिला दिवस, घरी आलेला नकोसा पाहुणा, हे चित्राचे विषय होऊ शकतात, हे मराठी मुलांना नीटपणे दाखवलं माधुरी पुरंदरे यांनी. योगायोगाने त्यांचं जन्मवर्ष १९५२, म्हणजे ‘चांदोबा’ मराठीत आला तेच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्या शिकल्या, पुढे पॅरिसला मुद्राचित्रण शिकल्या, पुण्याच्या अलियांस फ्रांसेजमध्ये त्यांनी फ्रेंच शिकवलं. रंगभूमीवर वावरल्या, गायल्या. आनंद मोडक यांच्या ‘अमृतगाथा’त त्यांचा आवाज आहे. पिकासोचं चरित्र त्यांनी मराठीत लिहिलं. वडील शिवचरित्रकार बाबासाहेब पुरंदरे आणि आई निर्मलाताई, ‘वनस्थळी’च्या माध्यमातून गावोगावच्या बालवाड्या आणि तिथल्या शिक्षिका उभ्या करणाऱ्या. मुलीच्या पुस्तकांवर मला आईच्या कामाची छाप जास्त दिसते. चार वर्षांच्या पोराचं जग केवढं असतं, याचा अंदाज बालवाडीत येतो.

‘राधाचं घर’मध्ये राधा आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. आई, बाबा, आजी, आजोबा, काका. एवढंच. ‘यश’च्या गोष्टींमध्ये ‘हात मोडला’, ‘पाहुणी’, ‘मामाच्या गावाला’ असे विषय आहेत. शब्द आणि चित्र एकाच हातचे असल्याने दोघांनी कामं वाटून घेतली आहेत. जे चित्रात दिसतं ते वाक्य पुन्हा सांगत बसत नाही. त्यांचं ‘चित्रवाचन’ तर चित्रं बघायला, त्यांत शोधायला आणि त्यांच्यावर बोलायलाच केलेलं पुस्तक. वाचता येण्याआधीही मूल वाचत असतं, ही धारणा त्यांच्या सगळ्या कामाच्या मुळाशी आहे. ज्योत्स्ना प्रकाशनाने ही पुस्तकं काढली आणि टिकवली. २०१४ मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार आणि २०१६ मध्ये ‘बिग लिटल बुक अवॉर्ड’ पुरंदरे यांना मिळाला.

शंकर यांनी मुलांना दूर नेलं, पुरंदरे यांनी त्यांना त्यांच्याच स्वयंपाकघरात आणून बसवलं. मुलांना दोन्ही लागतं. पण पुण्याच्या घरातली राधा ही मंचेरियलच्या खाणकामगारांच्या कॉलनीतल्या मुलीला पुन्हा थोडी दूरचीच. या मुलीचं घर कुणी चित्रांत काढायला घेतलं तर काय करावं लागेल, हे सविस्तर पाहण्याजोगं आहे, कारण चित्रकाराचा खरा उद्योग त्यातच कळतो.

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं. त्यामागे कारण साधं आहे: मोठा कागद घड्या घालून सोळा पानांचा एक फर्मा होतो आणि असे दोन फर्मे लागतात. शीर्षकाची, प्रकाशकाची पानं वगळली की समोरासमोरच्या पानांच्या बारा-तेरा जोड्या उरतात. एवढ्यात गोष्ट बसवायची. चित्रकार आधी टपालाच्या तिकिटाएवढे चौकोन आखून सगळ्या जोड्या एकाच कागदावर मांडतो, मग कागद दुमडून कोरी पुस्तिका करतो आणि ती उलटून पाहतो. कुठे पान उलटल्यावर धक्का बसतो, कुठे दोन पानं एकसारखी होतात, चेहरा शिवणीत तर जात नाही ना, हे त्यात समजतं. रंग नंतर.

मग भटकंती. पहाटेच्या पाळीला निघालेल्या बापाच्या शिरस्त्राणावर दिवा कुठे बसवलेला असतो आणि त्याची वायर कमरेच्या बॅटरीपर्यंत कशी जाते, हे खाणकामगाराजवळ उभं राहूनच काढावं लागेल. स्टेशनात कोळशाच्या वाघिणी उभ्या असतात त्यांची उंची सात वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांतून घ्यावी लागेल. मोठ्या माणसाच्या डोळ्यांतून घेतली की ते चित्र मुलांचं राहत नाही. भाद्रपद-आश्विनात तेलंगणातल्या बतुकम्मा सणाची फुलं रचतात, त्यात खाली कोणती आणि वर कोणती. तरवडाचा पिवळा आणि कुर्डूचा पांढरा-गुलाबी एकमेकांशेजारी कसा दिसतो. बाजूला बसलेली मराठी आजी, नऊवारीतली, ते रचणं बघते आहे की स्वतः फुलं खुडून देते आहे? दोन्हींतून दोन वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्यांतली कुठली सांगायची हे शब्द लिहिले जाण्याआधी चित्रकाराला ठरवता येतं.

असं पुस्तक दोन्ही भाषांत काढायचं, तर काही पथ्यं पाळावी लागतात. मजकूर केवळ काळ्या शाईत ठेवायचा, म्हणजे दुसऱ्या भाषेसाठी रंगीत छपाईच्या चार पाट्यांपैकी एकच पाटी नव्याने करावी लागते आणि बाकी तीन रंगांची छपाई सामाईक राहते. काळोख्या चित्रावर पांढरी अक्षरं कोरून ठेवायची नाहीत. तेलुगूत आणि मराठीत एकच वाक्य सारखी जागा घेईल असं नाही, म्हणून आभाळ, भिंत, रस्ता यांत दोन ओळी जास्तीच्या मावतील एवढी मोकळीक आधीच सोडायची. आणि दुकानांच्या पाट्या? गावात त्या तेलुगूत आहेत. पुसून टाकल्या तर गाव खोटं होईल. त्या तशाच काढाव्यात, मराठी आवृत्तीतही. इथल्या मराठी मुलीच्या रोजच्या वाटेवर त्या असतातच, आणि नागपूरच्या मुलाने बोट ठेवून ‘हे काय लिहिलंय?’ असं विचारलं तर सांगणाऱ्या मोठ्या माणसाला थोडी शोधाशोध करावी लागेल, तीही चांगलीच.